ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे काय?



ऑगमेंटेड रिॲलिटी हा शब्द फार अवघड आहे. मराठीत त्याला संवर्धित वास्तव म्हणतात. तोही अवघडच! सोपे सांगायचे तर समोरच्या खऱ्या जगावर कॉम्प्युटरने काढलेले चित्र दाखवायचे. ते कसे, हे कळायला एक प्रयोग करा.

साहित्य : पुस्तकाला घालतात तसला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, मार्कर पेन.

कृती : कागदावर छोटा पोपट काढा. एक डोळा मिटा. हात लांब करून कागद धरा आणि त्यातून चिंचेच्या झाडाकडे बघा. पोपट फांदीवर बसल्यासारखा दिसेल. आता कागद तसाच ठेवून डोके जरा बाजूला न्या. पोपट फांदीवरून निसटला की नाही?

हीच खरी अडचण आहे. आपण हललो तरी पोपट फांदीवरच राहिला पाहिजे. म्हणून आपण कुठून बघतोय ते कॉम्प्युटरला सारखे कळावे लागते. दर वेळी तो चित्र नव्याने काढतो. मोबाईलमध्ये कॅमेरा समोरची जागा बघतो. मोबाईल किती कलला, किती वळला, ते सांगणारे बारीक भागही आत असतात.

अमेरिकेतल्या आयव्हन सदरलँड या शास्त्रज्ञांनी १९६८ साली डोक्यावर घालायचे असे यंत्र दाखवले. त्याला छतापासून लोंबणारा दांडा जोडला होता. डोके किती वळले ते त्यावरून कळायचे. चित्र म्हणजे नुसत्या रेघांचा खोका!

पुढे बोइंग या विमानाच्या कारखान्यातल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ साली लेख लिहिला. विमानात खूप वायरी असतात. कोणती वायर कुठे जाते ते चष्म्यातच दिसले, तर कामगाराला सारखे कागदात बघावे लागणार नाही, असे त्यांना वाटले. तेव्हापासून हे नाव पडले.

याचा उपयोग शिकायलाही होतो. शरीरातले हृदय टेबलावर ठेवल्यासारखे दिसते, आणि भोवती फिरून बघता येते.

पण धोकाही आहे. २०१६ साली पोकेमॉन गो हा खेळ आला. मोबाईलमध्ये बघत चालायचे आणि रस्त्यात दिसणारे खोटे प्राणी पकडायचे. लहानमोठे सगळे त्यासाठी चालू लागले, हे चांगले झाले. पण कितीतरी जण धडपडले. बोस्निया देशात १९९२ ते १९९५ या काळात युद्ध झाले. तेव्हाचे सुरुंग काही ठिकाणी अजून जमिनीत आहेत. खेळता खेळता तिकडे जाऊ नका, असे तिथल्या सुरुंग काढणाऱ्या संस्थेला लोकांना सांगावे लागले. प्राणी खोटा, पण सुरुंग खरा!

गुगलचा ग्लास नावाचा चष्मा २०१३ साली अमेरिकेत काही लोकांना मिळाला. त्यात कॅमेरा होता. आपला फोटो निघतोय का, हे समोरच्याला नीट कळेना. लोकांना ते आवडले नाही. २०१५ साली साध्या गिऱ्हाइकांसाठी त्याची विक्री थांबली.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोबाईलमध्ये बघायचे असेल तर एका जागी उभे राहा, चालू नका. आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर कॅमेरा धरू नका.

पोपटाचा प्रयोग मात्र आजच करा. त्याला मोबाईल लागत नाही!

– इयत्ता ४ थी