आधी जेवणाची जागा, मग झोके-पाळणे

लहान मुलांना घेऊन सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत जाणार असाल, तर जेवायचे कुठे हे घरूनच ठरवून निघा. त्या शहरात एका दुकानावर ‘नो पोर्क, नो लार्ड’ ही पाटी वाचून मी निश्चिंत झाले होते. अम्मींनी मात्र विचारले, “कोंबडी हलाल आहे ना?” उत्तर आले, नाही! डुकराचे मांस व चरबी नाही, एवढाच त्या पाटीचा अर्थ.

सिंगापुरात हलाल प्रमाणपत्र ‘मुइस’ ही इस्लामी परिषद देते. ते प्रत्येक दुकानावर पाहा. एकाच पार्कमधली सगळी हॉटेले हलाल नसतात. साडेअकरालाच जेवा. गर्दी टळते, जोहरची नमाजही निवांत होते. लेकरू भुकेने रडू लागले की आपण तडजोड करतो, आणि मुले तीच शिकतात.