वाऱ्याने वाटून दिलेलं बेट

अरुबाच्या हॉटेलांमधून सकाळी उघड्या गाड्यांत बसून निघणाऱ्या पर्यटकांच्या तोंडाला रुमाल आणि डोळ्यांवर गॉगल असतो. दुपारी हीच मंडळी मास्क आणि नळी लावून समुद्रात उपडी तरंगताना दिसतात. धुळीचे रस्ते आणि प्रवाळ एकाच दिवसाच्या सहलीत बसतात, ते वाऱ्यामुळे.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम तीसेक किलोमीटरवर असलेलं हे बेट 180 चौरस किलोमीटरचं आहे. डच राजसत्तेखाली असलं तरी 1986 पासून त्याचा कारभार स्वतंत्र आहे. इथे जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून वारा वाहतो. त्यामुळे ईशान्येच्या किनाऱ्यावर लाटा सतत आपटतात, खडक झिजतात आणि पोहायला कोणी धजत नाही. नैऋत्येची बाजू मात्र आडोशाला. तिथलं पाणी निवांत, वाळू पांढरी आणि मोठी हॉटेलंही बहुतेक तिथेच.

पाऊस वर्षाला साधारण 500 मिलिमीटर, म्हणजे फारच कमी. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर कोसळला होता. अरुबाला तेवढा पडायला दोन वर्षं लागतील. म्हणून इथे नारळी-पोफळीऐवजी उंच निवडुंग आणि वाऱ्याने एका बाजूला कललेली दिवी-दिवीची झाडं. बारमाही नदी नाही, त्यामुळे समुद्रात गाळही फारसा येत नाही. पावसाळ्यातला मालवणचा गढूळ समुद्र पाहिलेल्यांना या कोरडेपणाची किंमत वेगळी सांगायला नको.

गाडी बहुधा युटीव्ही असते: दोन किंवा चार आसनं, डोक्यावर लोखंडी पिंजरा, जाडजूड टायर आणि काचांच्या नावाने शून्य. पुढे गाइड, मागे एकामागोमाग बाकीचे. दोन गाड्यांत बरंच अंतर ठेवायला सांगतात, कारण पुढच्याची धूळ मागच्याच्या तोंडात जाते. वाटेत बुशिरिबानाचे दगडी भग्नावशेष लागतात. अरुबात 1824 मध्ये सोनं सापडलं, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात इथे सोनं गाळण्याचा कारखाना उभा राहिला. जवळच लाटांनी कोरलेला चुनखडीचा प्रचंड नैसर्गिक पूल होता. तो 2 सप्टेंबर 2005 ला कोसळला. बाजूला एक छोटा पूल उरलाय, आता फोटो त्याचे निघतात.

गाइड 'माझ्याच चाकोरीतून या' असं पुन्हा पुन्हा बजावतो, ते फक्त अपघात टाळण्यासाठी नाही. कमी पावसाच्या जमिनीवर उमटलेली टायरची खूण लवकर बुजत नाही, आणि शोको नावाचं इथलं छोटं घुबड झाडावर नव्हे, जमिनीतल्या बिळात घरटं करतं. बेटाचा सुमारे पाचवा हिस्सा व्यापणाऱ्या अरिकोक राष्ट्रीय उद्यानात युटीव्हींना बंदी घालावी लागली, ती उगाच नाही. खडकांच्या कड्यात अडकलेला कोंचीचा नैसर्गिक तलाव या उद्यानातच आहे. तिथे जायचं तर जीपने किंवा पायी. मला विचाराल तर जीपच बरी. युटीव्हीत निम्मा वेळ डोळे चोळण्यात जातो.

दुपारी गाड्या आडोशाच्या किनाऱ्याला लागतात. मांगेल हाल्तोला खारफुटीच्या जाळीतून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर प्रवाळ सुरू होतं. निळेजांभळे सर्जन मासे थव्याने फिरतात. पोपटमासा चोचीने खडक खरवडत असतो. पाण्याखाली कान दिले तर त्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो शेवाळ खातो, त्यासोबत पोटात गेलेलं प्रवाळ दळून मागून वाळू सोडतो. किनाऱ्यावरच्या त्या पांढऱ्याशुभ्र वाळूत त्याचाही वाटा आहे, हे ऐकून काही जणांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

नवख्यांची पंचाईत मास्कपाशी होते. काचेवर आतून वाफ धरू नये म्हणून थुंकी चोळून ती खळबळून घ्यायची, हा उपाय किळसवाणा वाटला तरी कामाचा आहे. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये नाकाखालून पाणी शिरतं. तिथे थोडी पेट्रोलियम जेली लावावी. कपाळावर सनस्क्रीन थापलं तर मास्क घसरतो आणि डोळे चुरचुरतात. शिवाय प्रवाळाला घातक ठरणाऱ्या ऑक्सिबेन्झोनच्या सनस्क्रीनवर अरुबात 2020 पासून बंदी आहे, तेव्हा घरून नेलेली ट्यूब आधी वाचावी. खरं तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा सगळ्यात सोपा. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे तर आलंच. ते दगडासारखं दिसलं तरी वर जिवंत जीवांचा पातळ थर असतो.

अशा सहलींत गाडीचे तास भरपूर आणि पाण्यातला वेळ आखूड असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्यक्ष पाण्यात किती वेळ मिळणार, गाइड सोबत पाण्यात उतरणार का, आणि लाइफ जॅकेट भाड्यात धरलंय का. वारा जास्त असेल त्या दिवशी पाण्याची जागा बदलते, तेव्हा कुठल्या किनाऱ्यावर नेणार हे सकाळी निघतानाच नक्की करून घ्यावं.