पाहुण्या वादकाचं नाव

एप्रिल 1966 मध्ये लंडनमधल्या अनिल भागवत या तबलावादकाला अयाना अंगडी यांचा फोन आला. अंगडी उत्तर लंडनमध्ये ‘एशियन म्युझिक सर्कल’ चालवत. आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळा आहेस का, एवढंच त्यांनी विचारलं. कोण जॉर्ज, ते सांगितलं नाही. न्यायला दारात रोल्स-रॉइस आली तेव्हा भागवतांना उलगडा झाला की हे बोलावणं बीटल्सचं आहे. जॉर्ज हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यात ऐकू येतो तो त्यांचाच तबला. पुढे ‘रिव्हॉल्व्हर’ ही तबकडी निघाली आणि तिच्या कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं होतं. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही त्या काळी अपूर्वाईच होती.

पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’वरच्या ‘विदिन यू विदाउट यू’साठी अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांनी दिलरुबा वाजवला, तबल्यावर नटवर सोनी होते. त्या जगप्रसिद्ध कव्हरवर पुतळे आणि फोटो मिळून माणसांची जत्रा भरली आहे, पण या वादकांचा उल्लेख कुठेही नाही.

नाव गाळलं की लगेच वर्णभेद आठवतो. पण ब्रिटिश रॉकमधले दिग्गज एकमेकांकडे वाजवायला जात तेव्हाही नावाची पंचाईत होतीच. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या रेकॉर्ड कंपनीशी करारानं बांधलेला. मित्राच्या स्टुडिओत जाऊन वाजवणं सोपं, पण ते दुसऱ्या कंपनीच्या तबकडीवर छापणं म्हणजे वकिलांना आमंत्रण. 6 सप्टेंबर 1968 रोजी एरिक क्लॅप्टनने हॅरिसनच्या ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’मध्ये गिटार वाजवली. आज ती लहान मुलंही ओळखतात, पण कव्हरवर क्लॅप्टनचं नाव आलं नाही. हॅरिसनने परतफेड म्हणून क्लॅप्टनच्या क्रीम या बँडच्या ‘बॅज’ गाण्यात गिटार धरली, तेव्हा त्याचं नाव छापलं गेलं ‘लांजेलो मिस्तेरियोसो’, इटालियनमध्ये ‘गूढ देवदूत’! या मंडळींना टोपणनावाची चैन परवडत होती. आवाज ऐकूनच लोक ओळखणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दिलरुबावाल्याला असा भरवसा कुठून असणार?

म्हणूनच जानेवारी 1968 मधले मुंबईतले ते थोडे दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत बसला. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचं यंत्र तिथे नव्हतं, ते कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आगगाडीनं आणलं. स्टुडिओच्या भिंती आवाज नीट अडवत नव्हत्या. साडेपाचला आसपासची ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या पायांची धडधड आत येई आणि वादन थांबवावं लागे. तबकडीत कान देऊन ऐकलं तर रस्त्यावरच्या टॅक्सीही सापडतात, असं हॅरिसनने पुढे सांगितलं. फोर्टमधल्या कारकुनांनीही नकळत त्यात भाग घेतला म्हणायचा!

आणि वादक कोण? संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, तबल्यावर महापुरुष मिश्र, सुरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनियमवर रिजराम देसाद. सनईवर शरद जाधव आणि हनुमान जाधव. त्या सनया म्हणजे या तबकडीचं खरं वैभव. बीटल्सपैकी कुणाही एकट्याच्या नावानं निघालेली ही पहिली एलपी, आणि तिच्यात सनई वाजते ती दोन जाधवांची. कव्हरवर मुंबईच्या वादकांची नावंही छापली, मात्र जाधवांचं ‘जादेव’ होऊन बसलं. गंमत म्हणजे याच तबकडीत लंडनमध्ये वाजवलेल्या क्लॅप्टनचं खरं नाव कव्हरवर नाही. चुकीच्या स्पेलिंगचं का होईना, ज्या एका ठिकाणी मुंबईकर पाहुण्याचं पारडं लंडनकरापेक्षा जड झालं, ते हेच.

त्याच मुक्कामात बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वादनही उरकलं. त्यात हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे आणि हनुमान जाधव यांची सनईही. मार्च 1968 मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते निघालं. मोखाड्याच्या बोहाडा उत्सवात सनई-संबळावर सोंगं नाचताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी हे गाणं एकदा जरूर ऐकावं. तिथे सनई रात्रभर देवतांना नाचवते, इथे तिला अडीच-पावणेतीन मिनिटांत सगळं सांगून मोकळं व्हायचं आहे.

1972 ची गोष्ट वेगळी. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ डिस्कोत त्यांनी वाजवलं आणि स्थानिक वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. जुळवाजुळव बासरीवादक विजय राघव राव यांची. फीत मात्र कपाटात पडून राहिली आणि 2015 मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत उजेडात आली. तब्बल 43 वर्षांनी! श्रेय कुणाला, तर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ला. हे म्हणजे लग्नपत्रिकेवर आप्तेष्ट लिहून मोकळं होण्यासारखं झालं. सिनेमाच्या स्टुडिओंत दिवसाला दोन-दोन पाळ्या वाजवणाऱ्यांना निनावीपणा नवा नसेल, पण पेजसारख्या, स्वतः तरुणपणी दुसऱ्यांच्या तबकड्यांवर निनावी गिटार वाजवलेल्या माणसाकडून जास्त अपेक्षा होती.

आशा भोसले यांची तऱ्हा अर्थातच निराळी. 1991 मध्ये बॉय जॉर्जच्या ‘बाउ डाउन मिस्टर’मध्ये त्यांचा आवाज होता, आणि नव्वदी ओलांडल्यावर त्या डेमन आल्बर्नच्या ‘गोरिलाझ’बरोबर गायल्या. 2026 मध्ये निघालेल्या ‘द माउंटन’ या अल्बममधलं ‘द शॅडोई लाइट’ हे ते गाणं. तिथे पाहुण्यांची नावं गाण्याच्या नावालाच जोडलेली आहेत. आता हाच रिवाज झाला आहे, कारण पाहुण्याच्या नावावर श्रोते येतात.

मग आमच्या जव्हारच्या तारप्याचं काय? वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मुंबईच्या संगीतवाल्यांनाही हे वाद्य आठवलं. उद्या कुणी नामांकित गिटारवाला जव्हारला आलाच, तर पहिली अडचण सुराची येईल. दुधी, बांबूच्या दोन नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांतून तारपा घडतो. नळी कापली, भोकं पाडली की सूर ठरला. दुसऱ्याच्या पट्टीसाठी तो खालीवर होत नाही, एका तारप्याची पट्टी दुसऱ्याशी जुळेलच असंही नाही. गिटारच्या तारा मात्र पिळता येतात, कॅपो सरकवता येतो. तेव्हा जुळवून घ्यायचं ते पाहुण्यानंच. शिवाय तारपेकरी एका जागी बसून वाजवणारा नव्हे. श्वास न तोडता वाजवत तो मधे फिरतो आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ न करता गोल धरतात. मायक्रोफोन लावायचा कुठे, हा प्रश्न ध्वनिमुद्रकानं निघण्याआधीच सोडवून आलेला बरा.