राऊटर म्हातारा होतो का?

नेट रेंगाळलं की घराघरांत एकच निदान होतं: राऊटर जुना झाला. वास्तविक घरगुती राऊटरमध्ये घासून झिजेल असं काही नसतंच. बहुतेकांत साधा पंखाही नसतो.

तरीही तो अमर नाही. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्राव उष्णतेने हळूहळू सुकत जातो. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी कमी ठेवलं तर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर राऊटर ठेवू नये. आणि असे कपॅसिटर अडॅप्टरमध्येही असतात, त्या बंद डबीत हवा खेळत नाही. राऊटरचे दिवे लागतात, पण चार फोन जोडले, व्हिडिओ कॉल लावला की तो आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा वेळी संशय आधी अडॅप्टरवर घ्यावा. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून त्याला निर्दोष सोडू नका. मोकळ्या पिनवर ते दिसतात आणि भार पडला की खाली येतात. तेवढ्याच व्होल्टचा, अँपिअर कमी नसलेला आणि पिनची प्लस-मायनस बाजू तीच असलेला दुसरा अडॅप्टर लावून बघा. बऱ्याचदा खर्च तेवढ्यावरच भागतो.

वेग मिळत नाही म्हणजे राऊटर गेला, हाही घाईचा निकाल. लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा. तिथे ठीक असेल तर दोष वाय-फायकडे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरतात, १, ६ आणि ११, आणि सोसायटीत ते अख्ख्या मजल्याला वाटून घ्यावे लागतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हात टेकतं.

प्लॅन २०० एमबीपीएसचा असून केबलवरही वेग ९५ च्या आसपासच अडत असेल तर केबल तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभराला चार पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी तुटली की जोडणी शंभरावर उतरते. जुन्या स्वस्त राऊटरचे पोर्टच शंभराचे असतात, तिथे मात्र इलाज नाही. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. मग तक्रार नोंदवायची, खरेदी नाही.

रीस्टार्ट आणि रीसेट एकच समजणारेही पुष्कळ. टाचणीने रीसेटचं बारीक बटण दाबून धरलं की सेटिंग पुसलं जातं, कनेक्शनचं यूझरनेम-पासवर्डही.

उलट, ठणठणीत चालणारा राऊटरही कधी बदलावा लागतो: कंपनीने त्या मॉडेलचे सुरक्षा-अपडेट थांबवले असतील तेव्हा.