मळक्या नोटांची साक्ष

जुन्या नोटांच्या बाजारात कोऱ्या करकरीत नोटेला अधिक मोल येते. हा संकेत इतरत्र ठीक असेल. परंतु चिनी कम्युनिस्टांच्या क्रांतिकाळातील नोटांना तो लावणे म्हणजे त्या नोटांतील इतिहास टाकून देऊन कागद तेवढा ठेवणे होय.

१९३१ च्या नोव्हेंबरात च्यांगशी प्रांतातील रुइचिन येथे चिनी सोव्हिएट प्रजासत्ताक स्थापन झाले. पुढील वर्षी त्याची बँक निघाली. माओ त्से-तुंग यांचे धाकटे बंधू माओ त्से-मिन हे तिचे प्रमुख. तिच्या एक युआनच्या नोटेवर लेनिनचे चित्र होते आणि नोटेमागे चांदी देण्याचे वचन होते. सेच्वान-शेन्सी सीमेवरील सोव्हिएट सरकारने तर कापडावरही नोटा छापल्या.

१९३४ च्या ऑक्टोबरात लाल सेना रुइचिन सोडून निघाली आणि मागे राहिलेल्या शेतकऱ्याच्या हाती उरले ते केवळ वचन. कुओमिन्टांगची राजवट परतल्यावर असा कागद घरात सापडणे धोक्याचे होते. तरीही कित्येकांनी तो भिंतींत दडवून ठेवला. याउलट १९३५ च्या जानेवारीत, त्सुन्यी शहरातून निघण्यापूर्वी, लाल सेनेने आपल्या नोटा चांदी आणि मीठ देऊन परत घेतल्या. त्या डोंगराळ प्रांतात मीठ किती दुर्मिळ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवहाराचे महत्त्व कळते.

पुढे जपानविरोधी युद्धात प्रत्येक सीमाप्रदेशाने आपापली नोट काढली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली ज्या प्रदेशात निधन पावले, तेथे १९३८ पासून सीमाप्रदेश बँकेच्या नोटा चालत होत्या. १९४८ च्या डिसेंबरात पीपल्स बँक स्थापन होऊन ही विविधता संपुष्टात येऊ लागली, आणि १९५५ साली जुन्या दहा हजार युआनला नवा एक युआन असा हिशेब झाला.

आज या नोटांना मोठी किंमत येते, म्हणूनच बनावट नोटाही निघतात. अशा वेळी घडीच्या रेघा, घामाचे डाग, भिंतीतील ओल हीच खरी साक्ष. नोट धुऊन, दाबून विकणारा व्यापारी नेमकी तीच पुसतो. संग्राहकाने नोट कोणत्या गावी, कोणाच्या घरी मिळाली एवढे तरी विचारून लिहून ठेवावे. विक्रेत्यापाशी उत्तर नसेल, तर खुशाल भाव पाडून मागावा.