निगेटिव्हची जबानी

कृष्णधवल चित्र मनासारखे उतरले नाही म्हणजे दोष कोणाच्या माथी मारावा, हा प्रश्न छायाचित्रकलेइतकाच जुना आहे; परंतु त्याचे उत्तर अनुमानावर न सोडता मापनाने द्यावे, हा विचार पुढे येण्यास १८९० साल उजाडावे लागले. इंग्लंडातील विडनेस या रासायनिक कारखान्यांच्या गावी फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोन गृहस्थांनी फावल्या वेळात केलेल्या प्रयोगांच्या आधारे त्या वर्षी जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात प्रकाशसंवेदी थर दिलेल्या काचेवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर जमलेली चांदी यांचा परस्परसंबंध आकड्यांत मांडला गेला. त्यांच्या पद्धतीचा आलेख आजही फिल्मच्या माहितीपत्रकांत छापलेला आढळतो. तोवर सार्वत्रिक समजूत अशी की, काचेला प्रकाश थोडाबहुत कमी पडला तरी कसबी कारागीर डेव्हलपरचे प्रमाण हवे तसे बदलून तिला सावरून घेतो. कॅप्टन ॲबनी यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांनी या जोडीशी प्रदीर्घ वाद घातला, तरी मुख्य सिद्धांत टिकला: सावलीतला जो तपशील प्रकाशाने नोंदवलाच नाही, तो कोणत्याही रसायनाला निर्माण करता येत नाही. निराशाजनक निगेटिव्हच्या चिकित्सेत याहून मोलाचा शोध दुसरा झालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तरीही प्रत्येक पिढीने तो विसरून पुन्हा नव्याने शिकावा, असेच आजवर घडत आले आहे.

लाल दिव्याखाली डोळ्यांनी अजमावून काच धुण्याची जुनी वहिवाट मोडली ती मात्र वेगळ्याच कारणाने. १९०६ मध्ये रॅटन आणि वेनराइट या इंग्रज कंपनीने लाल रंगालाही संवेदनक्षम अशा पँक्रोमॅटिक काचा विक्रीस आणल्या, आणि ज्या दिव्याच्या भरवशावर कारागिराचे सारे कौशल्य उभे होते, त्या दिव्यानेच काच काळवंडू लागली. संपूर्ण काळोखात डोळ्याचे काम घड्याळ आणि तापमापक यांच्याकडे आले. कोडॅकच्या कॅपस्टाफ यांनी १९२७ च्या सुमारास चित्रपटांच्या फिल्मसाठी सिद्ध केलेले डी-७६ हे डेव्हलपर, ज्यात लिटरभर पाण्याला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स एवढाच ऐवज असतो, ते आजतागायत टिकले, याचे श्रेय त्याच्या गुणांइतकेच त्याच्यासोबतच्या मिनिटांच्या व अंशांच्या कोष्टकालाही दिले पाहिजे.

ही कोष्टके विलायती हवेत तयार झाली होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झालेली असली, तरी २० अंशांचे प्रमाण मानणारा कागद वैशाखातल्या डार्करूमला काय उपयोगी पडणार? तिशी गाठलेल्या पाण्यात जिलेटिन फुगते, बोटाच्या स्पर्शाने सोलवटते, आणि कोमट डेव्हलपरमधून एकदम गार हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, गेल्यास त्यावर सुरकुत्यांचे जाळे पडते. यावर उपाय निघाले ते असे: डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट मिसळणे, क्रोम ॲलमने थर घट्ट करणे, आणि बर्फ द्रावणात न टाकता त्याच्या भांड्याभोवतीच्या परातीत ठेवणे. रसायने, धुण्याचे पाणी आणि हायपो यांचे तापमान एकमेकांशी जुळते ठेवावे, हा नियम मला त्या सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

इतक्या खटाटोपानंतरही निगेटिव्ह फिकी निघाली, तर तिचीच जबानी घ्यावी. तिला उजेडासमोर धरून प्रथम चित्राकडे न पाहता कडेवरचे आकडे आणि कंपनीचे नाव पाहावे. ती अक्षरे कारखान्यातच प्रकाशित केलेली असल्यामुळे आपल्या कॅमेऱ्याशी त्यांचा काही संबंध नसतो. ती ठसठशीत काळी आणि चित्र मात्र पुसट असेल, तर कसूर प्रकाशमापनाची, शटरची किंवा भिंगाच्या पडद्याची होय. तीही फिकी असतील, तर डेव्हलपर थंड, शिळा किंवा अपुरा पडला, असे बहुधा समजावे. सावल्यांत तपशील आहे पण उजळ भाग इतके घट्ट की कागदावर नुसता पांढरा डाग उमटतो, तेथे डेव्हलपिंग जास्त झाले. फिल्म दुधाळ दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. हायपो अपुरा पडला एवढाच त्याचा अर्थ, आणि ताज्या हायपोत ती पुन्हा घातली असता बहुतेक वेळा स्वच्छ होते.

१९६० मध्ये अमेरिकेत फिल्मच्या वेगाचे प्रमाण बदलले, ही घटना या मागोव्यात वगळता येत नाही. जुन्या आकड्यांत सुरक्षिततेसाठी राखलेली शिल्लक बव्हंशी काढून टाकण्यात आली, आणि फिल्म तीच असूनही २०० ची ट्राय-एक्स ४०० ची झाली. चूक पोटात घालणारी ती जुनी शिल्लक गेल्यामुळे, डब्यावरचा आकडा प्रमाण मानून अंधाऱ्या पेहरावाचे किंवा झाडाखालचे चित्र घेणाऱ्याच्या हाती सावल्या हरवलेली निगेटिव्ह येऊ लागली, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या डेव्हलपरवर आला.

म्हणून ज्यांचा रोल नुकताच निराशाजनक निघाला आहे, त्या वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, नवी बाटली विकत आणण्यापूर्वी त्यांनी एक रोल केवळ परीक्षेसाठी खर्ची घालावा. एकच देखावा डब्यावरच्या आकड्याने, मग दुप्पट प्रकाशाने, मग चौपट प्रकाशाने टिपावा, डेव्हलपिंग कोष्टकाबरहुकूम करावे, आणि सावलीत पहिल्यांदा तपशील ज्या चौकटीत दिसेल, तिची नोंद वहीत करून पुढचे सर्व रोल त्या हिशेबाने वापरावेत.