३७ वर्षं कुणालाच न मोडलेला विक्रम बीडच्या अविनाश साबळेनं दहा वेळा कसा खाली आणला?

१९८१ साली टोकियोत गोपाल सैनींनी ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांत पूर्ण केली. सैनी निवृत्त झाले, त्यांच्या मागून किती तरी धावपटू आले आणि गेले, पण भारतात हा आकडा कुणालाच मागे टाकता आला नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला लष्करातल्या २४ वर्षांच्या एका जवानानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली. हा जवान म्हणजे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे.

आता गंमत बघा. ३७ वर्षांनी विक्रम मोडला, तो जेमतेम एका सेकंदानं. म्हणजे इतक्या वर्षांत आपली लांब पल्ल्याची धाव जवळपास जागेवरच उभी होती.

आधी ही शर्यत काय असते ते समजून घेऊ. साधारण साडेसात फेऱ्या, त्यात २८ अडथळे आणि वर ७ वेळा पाण्याचा खड्डा. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला की अडथळा पडतो. इथला जाडजूड लाकडी अडथळा जागचा हलत नाही, पडतो तो धावपटू.

अविनाशचे आई-वडील वीटभट्टीवर काम करायचे. शाळा सहा-सात किलोमीटरवर, एसटीची सोय नाही, म्हणून तो चालत नाहीतर धावत जायचा. पण 'लहानपणी शाळेत धावत जायचा, म्हणून मोठा धावपटू झाला' ही गोष्ट जरा सोपी करून सांगितली जाते. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा पोस्टिंग झाल्या. स्पर्धात्मक धावणं सुरू झालं ते २०१५ मध्ये, लष्कराच्या क्रॉसकंट्रीतून, आणि स्टीपलचेस तर २०१७ मध्ये, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्यामुळे. बाकीच्या देशांतली मुलं या वयात जागतिक स्पर्धा खेळत असतात.

नंतर त्यानं स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या गोंधळात तो अडकला, तरी राष्ट्रीय विक्रम केला. भारतानं तक्रार केली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. तिथे पुन्हा विक्रम, ८:२१.३७.

सैनींचा विक्रम मोडला ती वेळ धरून अविनाशचे एकूण दहा राष्ट्रीय विक्रम. त्यातले चार भारतात, सहा परदेशात, आणि शेवटचे तिन्ही परदेशातच: रबात, बर्मिंगहॅम, पॅरिस. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. देशात तो पहिल्या फेरीपासून एकटाच पुढे असायचा, त्याला ओढून नेणारं कुणी नव्हतं. बाहेर केनिया, इथिओपिया, मोरोक्कोचे धावपटू होते. २०२२ मध्ये तो सरावासाठी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जलाही गेला.

त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेसह रौप्य. सुवर्ण हुकलं फक्त ०.०५ सेकंदानं. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या एकाही पुरुषाला राष्ट्रकुल पदक मिळालं नव्हतं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सैनींपेक्षा जवळपास २१ सेकंद कमी. दोन्ही शर्यती एकाच ट्रॅकवर झाल्या असत्या, तर अविनाश पोहोचला तेव्हा सैनी सुमारे १२० मीटर मागे असते. पण हेही लक्षात ठेवा, विश्वविक्रम आहे ७:५२.११, इथिओपियाच्या लमेचा गिरमाचा. त्या हिशेबानं अविनाशही शंभरेक मीटर मागेच. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत गेलेला तो पहिला भारतीय पुरुष, आणि तिथे अकरावा.

अजून एक आकडा. ५००० मीटरमध्ये बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा विक्रम अविनाशनं २०२२ मध्ये मोडला, तीस वर्षांनी. अविनाशचा विक्रम गुलवीर सिंगनं मोडला तो २०२४ मध्येच.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या खड्ड्यापाशी अविनाश पडला. गुडघ्याचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. सैनींनी १९८१ चा तो विक्रम केला होता, ते हेच शहर.